लाल पाकीट, पिवळं पाकीट

आता माझी फजिती माझ्याच तोंडानं काय सांगू तुम्हाला? पण आमची सुमन सांगती तेव्हा लई वाढवून सांगती, म्हणून मीच सांगतो. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या.

पंधराएक वर्षं झाली असतील. सुमनच्या, म्हणजे आमच्या मंडळीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पलंगावर पडून तिला एकच ध्यास. लहानपणी करमाडला तंबूत तिनं एक पिक्चर बघितला होता. हरवलेला भाऊ बहिणीच्या दारात येतो, आन तेवढ्यात जनरेटर बंद! बहिणीनं वळखलं का नाय? तेव्हापासनं ती त्या जनरेटरवाल्याला शिव्या घालत होती.

सूनबाई म्हणली, मामंजी, इंटरनेटवर नाव नोंदवलं की सीडी घरी येते. बघून त्याच पाकिटात परत धाडायची, मग पुढची येते. आलं की लाल पाकीट. सुमनचाच पिक्चर, दोन सीड्यांचा, त्यातला पहिला भाग. सुमन बघून रडली.

"पुढचा आणा," म्हणली.

मधीच दुसऱ्या कंपनीचा फोन. लालवाले उशीर करतात, आमचं पिवळं पाकीट घ्या, पहिला महिना फुकट. लगेच लालवाल्यांचा फोन, पिवळ्यांच्या सीड्या अडकतात. दोघं असे भांडत होते, जसं काही मी लग्नाची पोरगी! मी दोघांनाबी होकार दिला. पिवळ्यांनीबी पहिलाच भाग धाडला.

आता माझं डोकं कसं चालतं बघा. शहागंजात तीस वर्षं सोड्याचं दुकान चालवलं मी. रिकामी बाटली कुणाचीबी चालायची, भरलेली मिळाल्याशी मतलब. तसंच धरून लालची सीडी गेली पिवळ्या पाकिटात, पिवळ्याची लालच्यात.

पिवळ्यांचा फोन आला. "काका, ही सीडी आमची नाही."

"पिक्चर तोच हाय ना?"

"तोच आहे, पण..."

"मग पण कशाला? पुढचा भाग धाडा की."

कशाचं काय! दोघांनीबी सीड्या माघारी धाडल्या. सुमननं पहिला भाग तिसऱ्यांदा बघितला, आन मग माझ्याकडं बघितलं. शेवटी सूनबाईनं ज्याची सीडी त्याच्या पाकिटात घातली, तेव्हा दोघांचाबी दुसरा भाग एकाच दिवशी आला.

आता पुन्हा घोळ नको म्हणून मी हुशारी केली. दुकानात बाटली कुणाचीबी चालायची, पण लाकडी क्रेट ज्याचं त्याला. म्हणून आपल्या क्रेटला आम्ही ऑइल पेंटचा ठिपका मारायचो. तसाच एका सीडीला लाल मारला, एकीला पिवळा. वरच्या बाजूला हिरोईनीचं चित्र होतं, ते खराब कशाला करा? मागची बाजू चकचकीत, कोरी होती. तिथं कडेला मारला, जाड.

सुमन तक्क्याला टेकून बसली. पिक्चर झकास चालला. भाऊ दारात आला... आन थांबला. हलंना. लाल काढली, पिवळी घातली. भाऊ पुन्हा दारात, पुन्हा तिथंच उभा!

सूनबाईनं सीडी उलटी करून बघितली. "मामंजी, पिक्चर ह्याच बाजूला असतो! हा रंग कुणी लावला?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

त्या दोन कंपन्यांचं कधी कशावर एकमत झालं नव्हतं. माझं नाव कमी करण्यावर झालं. पुढं दोघींनीबी गाशा गुंडाळला, पण भाऊ काय दारातनं आत आला नाय.

आन सुमन? त्या जनरेटरवाल्याला आता एक अक्षर बोलत नाय. शिव्या बंद नाय झाल्या, फक्त माणूस बदलला.