गर्दीत दाखवलेत की

माजलगावच्या कटिंगच्या दुकानात एक कार्यकर्ता दर रविवारी माझ्याआधी नंबर लावून बसलेला असायचा. कडक पांढरे कपडे, कानात अत्तराचा फाया, आणि पुढाऱ्याचा फोन आला की जागेवरच उठून उभं राहायची सवय. सभेला टेंपो भरून माणसं आणणं हे त्याचं काम.

एकदा तो मोबाइलवर मोठ्या आवाजात एक मालिका पाहत होता. ती ज्यावर बेतलेली, त्या जादूच्या राज्याच्या कादंबरीमालेचे सहाही भाग मी वाचलेले. कादंबरीत नदीकाठचे नावाडी जिवावर उदार होऊन शत्रूची फौज बुडवतात. या एपिसोडमध्ये ती एकट्या राजपुत्रानं बुडवली, तीही केस ओले न होता.

माझं डोकंच फिरलं. "अहो, नावाडी कुठं गेले? राज्य तर त्यांनी वाचवलं!"

त्यानं अंगठ्यानं एपिसोड पुढं सरकवला आणि शेवटचा जयजयकार माझ्यासमोर धरला.

"हे काय, गर्दीत दाखवलेत की! समद्यांची तोंडं दाखवत बसलं तर राजपुत्र कवा दिसायचा? तुमी लईच मनाला लावून घेता."

पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढाऱ्याच्या सभेचा फोटो पेपरात आला. कडेला याची पांढरी बाही तेवढी उरली होती.

रविवारी त्यानं खिशातून ते कात्रण काढलं आणि बाहीवर बोट ठेवून सगळ्या दुकानाला दाखवलं.

"हा मी हाय."