पाहुण्यांसाठी सोडलेलं पाणी

आमचं गाव कसं वसलं याची एकच कथा गावात सांगतात, आणि तिच्यात वीरपुरुष नाही, बैल आहे. मूळपुरुष गाडी जुंपून तापीकाठी निघाले होते. वाटेत बैल तहानेने बसला तो उठेचना, म्हणून सगळे तिथेच राहिले. तापीकाठच्यांनी पुढे केळी पिकवली. आम्ही त्या बैलाचा अभिमान बाळगत बसलो.

नव्वद सालच्या आसपास माझ्या लग्नाचं बघायला लागले, तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, तेही तासभर. अशा गावात मुलगी द्यायला लोक कचरत. सावद्याची एक मुलगी मी पाहून आलो होतो आणि ती मला मनापासून आवडली होती. तिचे वडील आमचं घर बघायला येणार ठरलं, तसा मी पाणी सोडणाऱ्या नानांचे पाय धरले. "नाना, फक्त अकरा वाजता. पंधरा मिनिटं." नाना कबूल झाले. बभ्रा नको म्हणून मी घरातही कुणाला सांगितलं नाही. तिथेच माती खाल्ली.

पाहुणे एकटेच आले. माझे वडील आणि काका त्यांच्यासोबत पोहे खायला बसले. वडील म्हणत होते, "पाण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे कधीच..." तेवढ्यात अंगणातला नळ फुसफुसला. गल्लीचा नियम असा, की ज्याला पाणी पहिल्यांदा दिसेल त्याने ओरडायचं आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून धावायचं.

"पाणी उनं! पाणी उनं!" काकू ओरडली.

वडील वाक्य अर्धं सोडून उठले. काका स्वतःची बशी पाहुण्यांच्या हातात देऊन पळाले. आईने तर पाहुण्यांपुढचा तांब्याही उचलून नेला. बैठकीत पाहुणे आणि मी असे दोघेच उरलो.

"तुम्ही नाही जात?" पाहुण्यांनी शांतपणे विचारलं.

खरं सांगतो, माझे पाय केव्हाचे शिवशिवत होते. मी बादली घेऊन गेलो. परत आलो तेव्हा सतरंजीवर बशा होत्या, पाहुणे नव्हते.

सावद्याहून नकार आला. फार वाईट वाटलं, दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का दारात आल्या. आता धीर देतील, म्हणून मी डोळे पुसून बसलो.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "त्या दिन मन्हा चार हंडा भरी गयात. पुढला आठवडाले आखो दुसरा एखादा पाव्हना बलाव ना."