भरलेली बाटली कोण फोडतं?

आम्ही दारू सोडलेले माजी फौजी दर रविवारी अण्णा नगरात एका दवाखान्याच्या गच्चीवर जमतो. दारू सुटली, बोलायची खुमखुमी सुटली नाही. त्यात एखाद्या सिनेमात आमच्यासारखा फौजी दिसला, की किस्से नुसते साचत जातात.

परवा एका पिक्चरमध्ये लढाईवरून परतलेला हीरो रडत रडत भरलेली बाटली भिंतीवर फोडतो. आमच्या सुभेदार सेल्वमनं कपाळाला हात लावला. "भरलेली? हा कधी प्यायलाच नाही!"

*

या सेल्वमला एका सिनेमावाल्यांनी सल्ल्याला बोलावलं. डायरेक्टरनं विचारलं, "सर, वाईट स्वप्न पडलं की तुम्ही किंचाळत उठायचात ना?"

"छे. उठून सगळ्या दारांच्या कड्या तपासायचो. मग चहा करायचो, बायकोलाही उठवून द्यायचो."

"पण सर, चहात ड्रामा कुठाय?"

"मग बायकोचं तोंड दाखवा ना. रोज पहाटे तीनला चहा प्यायची बिचारी."

सीन घेतला की हो त्यांनी!

*

दिवाळीत फटाके नकोत म्हणून आम्ही सकाळीच थिएटरात एसीत जाऊन बसतो. गेल्या वर्षी तिकिटं मी काढली. मोठ्या स्टारचा पहिला शो. चाहत्यांनी दारातच लांबलचक माळ पेटवली. आम्ही सगळे एका क्षणात फरशीवर आडवे.

सेल्वमनं पडल्या पडल्या विचारलं, "तिकिटं कुणी काढली?"

मी डोकं वर काढलं नाही.

*

आता आमचे हवालदार माधवराव. तंजावरचे मराठी. पडद्यावर पहिली गोळी सुटली की हे उठलेच. एकदा असे उठले ते थेट दारूच्या दुकानात गेले, आणि त्यांना परत सावरताना आमच्या नाकी नऊ आले.

आणि त्यांची मुलगी कावेरी काय करते? सिनेमांना आवाज देते. गोळ्या, स्फोट, हेलिकॉप्टर, सगळं तिचं. बापानं तिचा एकही पिक्चर पुरता पाहिला नव्हता.

सेल्वमच्या चहाच्या पिक्चरचे आवाजही तिचेच. प्रीव्ह्यूच्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, नाही आलात तरी चालेल हं." तरी आले.

पहिली गोळी सुटली. माधवरावांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या गोळीला माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला. मी म्हटलं, "राव, बाहेर जाऊ या?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. चहाच्या सीनला हॉल हुंदके देत होता, आणि सेल्वम अभिमानानं सगळ्यांकडे वळून बघत होता.

कावेरी मागे मशीनच्या खोलीत होती. पिक्चर संपताच ती सवयीनं आधी लॉबीत धावली, मग रस्त्यापलीकडच्या दारूच्या दुकानापर्यंत. तिथं अप्पा नाहीत. धापा टाकत आत आली, तर ते आपल्या खुर्चीत, शर्ट घामानं चिंब. ती समोर येऊन उभी राहिली.

माधवराव मान वाकडी करून पडद्याकडे बघत म्हणाले, "सरक ग बाजूला. नावं चाललीत. तुझं यायचंय अजून."