काळ्या कुसळाची साळ

लातूरच्या एका शेठने मला फसवलं आणि मी इस्लापूरकडच्या सात घरांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

हदगावच्या आठवडी बाजारात डोक्यावरच्या टोपल्याने माझा धंदा सुरू झाला. पुढे किनवटच्या जंगलपट्ट्यातल्या गावांतून साळ घेऊन ती गिरण्यांना विकू लागले. दाणा दाताखाली धरला की तांदळात तुकडा किती पडेल ते मी सांगायचे. तराजूच्या दांडीवर कुणाची करंगळी आहे हे मला लांबून दिसायचं. भांडल्याशिवाय मी कुणाकडून पसाभर धान्यही घेतलं नाही.

पण त्या गावांत एक रीत होती. बियाण्याचा भाव करायचा नाही. बी उसनं द्यायचं आणि पीक आल्यावर सवाईने परत घ्यायचं. कागद नाही, साक्षीदार नाही. तिथे घासाघीस करणं म्हणजे घरच्या लेकीचा भाव करणं. तिथे मीसुद्धा तोंड मिटून घ्यायचे.

काळ्या कुसळाची साळ तेव्हा सातच घरांत उरली होती. बाकीच्यांनी केव्हाच जास्त उताऱ्याचं बियाणं धरलं होतं. हिचा उतारा कमी, पण शिजताना वास आळीभर जायचा.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. रोप टाकायला चिखलच झाला नाही. साळीचं बी एक पावसाळा पडून राहिलं की म्हातारं होतं, मग धड उगवत नाही. सातही घरांना तोच घोर लागला होता. नेमका तेव्हाच माझ्याकडून साळ घेणारा तो लातूरचा शेठ मला म्हणाला, "अक्का, उदगीरकडं आमच्या पाहुण्यांची जमीन आहे, तळ्याखाली. पाणी हाय, बी न्हाई. तुमच्या लोकांचं बी जगंल. सवाईनं परत देतो की."

मी त्याला दुसरा प्रश्न विचारला नाही. बियाण्याची गोष्ट होती.

पहिलं घर एका म्हातारीचं. मी तिला मावशी म्हणायचे. शेणाने लिंपलेल्या कणगीचं तोंड फोडताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"पोरी, तू भाव करायलीस का?"

"मावशी, बियाचा भाव करतंय का कुणी?"

"मग ने."

तिने दिलं म्हणून बाकी सहा घरांनी दिलं.

श्रावणात उदगीरकडचं उभं पीक बघायला निघाले आणि आधी शेठकडे लातूरला गेले. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पताका लागल्या होत्या, लोक एकमेकांना पेढे भरवत होते. शेठच्या गोदामासमोर जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. फाटकातच माझे पाय थांबले. तो वास मला झोपेतही ओळखू आला असता. तरी पातेल्यातला एक घास घेऊन पाहिला.

"शेठ, बी होतं ते!"

"अक्का, जिल्हा काय रोज होतो का? बसा, जेवा. पाहुण्यांचं तळंच आटलं. पडून किडलं असतं. भाव सांगा, त्याच्या सव्वापट देतो."

"शेठ, बाईला आधी बुंदी वाढा," पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "राग उतरंल!"

सगळे हसले. मी पत्रावळींचा गठ्ठा लाथेने उडवला, नको ते बोलले. शेठ शांत होता. त्याने एक भाव सांगितला.

"एवढ्यात? या तांदळाला?" माझ्या तोंडून गेलं.

तो वर चढला. मी आणखी वर चढले. रागाच्या भरात मी बाजारात कुणाला कधी मिळाला नसेल असा भाव त्याच्याकडून वदवून घेतला. मग तो पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "झाला सौदा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी भाव बोलेपर्यंत ते उसनं दिलेलं बी होतं. आता ते विकलेलं धान्य झालं होतं.

इस्लापूरकडे परतले आणि मावशीपुढे पैसे ठेवले. तिने हात लावला नाही.

"तू खाल्लंस?"

"एक घास. ओळखायला."

"कसं लागलं?"

"मावशी..."

"सांग की. सणाला मूठभर शिजवायचो, बाकी बियाला ठेवायचो. पोटभर कवा खाल्लं न्हाई आमी."

मी पैसे तिथेच ओट्यावर ठेवले आणि पुढच्या घराकडे वळले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. त्या पैशांतून बियाणं आलं, पण दुकानातलं, पिशवीतलं. काही वर्षांत त्या वावरांत कापूस आला, मग सोयाबीन. मी माहूरपर्यंत, नदीपलीकडच्या तेलंगणातल्या गावांपर्यंत ती साळ शोधत फिरले. काळं कुसळ एकदा दिसलं, पण शिजवल्यावर वास नव्हता. आता ती सात घरं रेशनचा तांदूळ खातात आणि तो संपला की दुकानातला भाव विचारून परत येतात. आपला देश जगाला तांदूळ पुरवतो म्हणे. शेठच्या मुलांची पोतीही बंदराकडे जातात, त्यांवर 'सुवासिक' असं छापलेलं असतं. आणि दुष्काळात आपण गाव जेवू घातलं, असं शेठ अजून सभांमधून सांगतो.

शेठ, मावशी गेली. तुम्ही आहात, मी आहे. भाव मी वाढवला, ते पाप माझं. त्याचं उत्तर मी सातही ओट्यांवर जाऊन दिलं आणि शिव्या खाऊन आले. आता तुम्ही इस्लापूरकडे या. त्या घरांसमोर उभे राहा आणि सांगा, पाहुण्यांचं तळं खरंच आटलं होतं का? मुळात तळं तरी होतं का?