सोपटमामाची भांग

वाऱ्याचं काम हाताने करणारा माणूस मी एकच पाहिला, तो माझा मामा. माणिकपूरजवळच्या त्याच्या वाडीत केळी इतक्या दाट, की खालच्या रोपांना वारा मिळत नसे. मग मामा सकाळी उठून मिरची-वांग्यांच्या रोपांवरून तळवा फिरवी, खोडं हलकेच हलवी. "वारा नाय लागला तं झाड नुसतं लांबतं," म्हणे, "कमरेत बल येत नाय."

केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट त्याच्या खांद्यावर कायम लोंबत असे, म्हणून सगळे त्याला सोपटमामा म्हणत. कोवळा शेंडा वाकवून तो सोपटाने खुंटीला बांधून ठेवी. बाजूचे फुटवे उठत, खोड मनगटाएवढं होई. वाकवताना एखादं चिरलं, तर ओली माती लावून पट्टी बांधी आणि दिवसभर त्या रोपाची मनधरणी करी.

विहिरीमागे त्याने भांगेचं एक झाड असंच वाढवलं होतं, माझ्या वडिलांसाठी. वडिलांना अर्धशिशीचा भयंकर त्रास; वैद्यांनी दुधातून पाला घ्यायला सांगितलेला. तो मीच वाटायची. पण दारूबंदी नुकतीच आली होती, तिच्यात भांगही बंद झालेली, आणि वडील शाळेत मास्तर, व्यसनांविरुद्ध भाषणं देणारे. म्हणून झाड मामाच्या वाडीत.

माझं लग्न ठरलं आणि कुणीतरी चुगली केली. पोलीस आले तेव्हा आम्ही वाडीतच होतो.

"कुणासाठी लावलंस हे?" हवालदाराने विचारलं.

मामाने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "आम्हाला यातलं काही ठाऊक नाही."

"माजंच हाये," मामा लगेच म्हणाला. "मीच खातो."

शिपायाने झाड उपटायला पाहिलं. खोड हलेना. शेवटी मामानेच कोयत्याने ते तोडून त्याच्या हातात दिलं. मी तिथेच उभी होते. एक शब्दही बोलले नाही.

मामा चौकीतून सुटून आल्यावर वडिलांनी त्याला निरोप धाडला: लग्नाला येऊ नये, पाहुण्यांत बोभाटा नको. भाचीला बोहल्यावर मामाने आणायचं. मला एका दूरच्या नातेवाइकाने आणलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. लोकांना वाटलं, मुलगी सासरी निघाली म्हणून रडतेय.

मामाने वाडी खंडाने दिली आणि तो चांदीप गावी शेतीवर जाऊन राहिला. वडील त्याला भेटायला कधीच गेले नाहीत. मी गेले, तेही पहिला मुलगा झाल्यावर. माफी मागायची असं वाटेत घोकत होते. मामाने बाळाला मांडीवर घेतलं, गूळपाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "बाय, भावजींचं डोकं आता दुखतं काय गं? पाल्याबिगर कसं भागवतात?"