मळलेलं मिग

संस्थेच्या अध्यक्षांनी विमानाच्या शेपटीखाली बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोटाला काजळी लागली होती.

"मॅडम, हे काय होय?"

"इंजिनाचा धूर," मी म्हणाले.

"याले तर इंजिनच नाई."

इंजिन नव्हतं हे खरंच. फायबरचं, तीन फुटी मिग होतं ते. मी यवतमाळात मॉडेलं बनवते. बिल्डरांच्या इमारती, राजूरकडच्या कोळसा खाणींचे थर, एकदा कळंबच्या एका भक्तासाठी गणपतीचं अख्खं देऊळ. लढाऊ विमानाची ऑर्डर पहिल्यांदाच आली होती. कळंब तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेला ते शाळेच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. निमित्त त्यांचे माजी विद्यार्थी रामधन आडे. तांड्यावरून निघून ते हवाई दलात गेले, मिगची देखभाल करण्यात सगळी नोकरी घातली आणि निवृत्त होऊन पुन्हा तांड्यावर शेती करायला आले. संस्था त्यांचा सत्कार करणार होती.

"एक कपडा मारून द्या," अध्यक्ष म्हणाले. "अन् इथं, कॉकपिटखाली, माहं नाव टाका."

मी नाही म्हणाले. त्यांना ते ऐकायची सवय नव्हती.

"ट्रॅक्टरवर नाव राह्यते, टँकरवर राह्यते. इमानावर काहून नाई?"

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. आमच्या जिल्ह्यात नाव नसलेली गाडी सापडणं कठीण. ट्रॉलीवर मुलाचं नाव, जीपवर आजोबांची कृपा, आणि पाण्याच्या टँकरवर तर पाण्यापेक्षा पुढाऱ्याचंच नाव मोठं. मी म्हटलं, टँकर तुमचा आहे, हे विमान आड्यांचं आहे. त्यावर ते हसले. "आडे काय पायलट होते काय?" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

आडेकाका पायलट नव्हते. पण या मॉडेलचं खरं काम त्यांनीच मला समजावलं होतं.

विमान रंगवायचं म्हणजे नवं दिसेल असं रंगवायचं, अशी माझीही समजूत होती. मी आधी चंदेरी थर दिला, त्यावर राखाडी. मग त्यावर चकचकीत वार्निश. ते कशासाठी, तर डेकलसाठी. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र. विमानाचे नंबर, गोल खूण, बारीक सूचना, सगळं तेच. खालचा रंग खरबरीत असेल तर डेकलखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी पांढुरकी चमक दिसते. तसं झालं की सगळी मेहनत पाण्यात. हा टप्पा संपल्यावर मी आडेकाकांना बघायला बोलावलं.

ते बराच वेळ टेबलाभोवती फिरले. मग म्हणाले, "बेटा, हे उडालंच नाई वाटते कधी."

आणि त्यांनी मला मिग मळवायला शिकवलं. पोटाखाली तेलाचे ओघळ कुठून निघतात, शेपटीजवळचा पत्रा तापून कसा तांबूस होतो. इंधन भरायचं झाकण पाठीवर. तिथं पोचायला डाव्या पंखाच्या मुळाशी पाय ठेवून वर चढायचं आणि गुडघा टेकायचा. माझ्या टेबलावर वाकून, एक पाय स्टुलावर ठेवून त्यांनी ते करून दाखवलं. पुन्हापुन्हा तिथंच पाय पडून रंग उडायचा आणि खालचा पत्रा दिसायचा.

"इमानावर लोकाईले नंबर दिसे, पायलट दिसे," ते म्हणाले. "आपलं म्हनाव असं एवढंच. हे घासलेलं."

मी तेवढ्या जागी राखाडी थर पॉलिश पेपरने हलका घासला, खालचा चंदेरी उघडा पडेपर्यंत. बाकी ओघळ ऑइल कलर पातळ करून ओढले, काजळी म्हणून रंगीत खडूची पूड ब्रशने लावली. आम्ही याला वेदरिंग म्हणतो. ऊनपावसाने आणि वापराने जे होतं, ते हाताने करायचं. सगळ्यात शेवटी वरून मॅट क्लिअर कोट, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक थर, मारायचा, की मळ पक्का झाला. तो शेवटचा कोट मी राखून ठेवला होता. कापूस वेचणीचे दिवस होते, काकांना परत यवतमाळला येणं जमणार नव्हतं. सत्काराच्या सकाळी शाळेत ते एकदा बघतील, काही राहिलं असेल तर सांगतील आणि मी तिथंच कोट मारीन, असं ठरलं होतं. विमान आदल्या दिवशी संस्थेच्या गाडीतून गेलं.

सकाळी मी शाळेत पोचले तर विमान लग्नातल्या भांड्यासारखं चमकत होतं.

संस्थेचे बाबू हात पुसत पुढे आले. मोठ्या खुशीत होते. "सायबानं सांगतलं, पाव्हणे येऊन राह्यले, सारं चकाचक करा. लय मळलं होतं, मॅडम. शाम्पूनं धुतलं."

धुऊन वर गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश चोपडलं होतं. पंखाच्या मुळाशी रंग उडालेला दिसला, म्हणून खिडकीच्या गजांचा उरलेला राखाडी रंग तिथं फासला होता. आणि कॉकपिटखाली लाल रेडियममध्ये अध्यक्षांचं नाव, पुढे 'यांच्या सौजन्याने'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबूंवर चिडण्यात अर्थ नव्हता. पाहुणा यायचा म्हटला की आम्ही बैलापासून घंटेपर्यंत सगळं घासतो, त्यांनी विमान घासलं. पण ज्या माणसाचा सत्कार, त्याचंच तेवढं पुसून टाकलं होतं.

मी पेटी उघडली आणि व्हरांड्यात बैठक मारली. आधी रेडियम उपटलं. त्याच्याबरोबर खालचा धोक्याचा लाल त्रिकोणही निघून आला. जादा डेकल जवळ होतं म्हणून वाचले. पॉलिशवर रंग धरत नाही, म्हणून सगळं अंग स्पिरिटने पुसून काढलं. समोर मांडव सजत होता, माइकची तपासणी चालू होती. मी पोटाखालचे ओघळ ओढायला घेतले तेवढ्यात अध्यक्ष आले.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"मळवून राह्यली."

"पाव्हणे रस्त्यात आहेत. माहं नाव कुठं गेलं?"

मी बादलीकडे बोट दाखवलं. नाव तिथं चुरगळून पडलं होतं.

ते जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुमाले या जिल्ह्यात काम कसं भेटते, पाहतो मी."

"पाहा," मी म्हटलं आणि ब्रश बुडवला. पोटाखालचा पुढचा ओघळ ओढला.

तेवढ्यात आडेकाका आले. कोट, वर फेटा. अध्यक्षांनी लगेच सूर बदलला, त्यांना खांद्याला धरून पुढे आणलं आणि विचारलं, "सांगा आडेसाहेब, पाव्हण्यापुढं असं मळकं इमान ठेवाचं काय?"

काकांनी विमान पाहिलं नाही. सरळ डाव्या पंखाच्या मुळाशी पाहिलं. गजांच्या रंगावरून अंगठा फिरवला.

"हे पुसाचंच होतं," ते म्हणाले, "तर मले बोलावलं कायले?"

काकांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि हात पुढे केला. मी त्यांच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला. ते खाली बसले आणि घासू लागले. गजांचा रंग गेला, माझा राखाडी गेला, खालचा चंदेरी दिसला. मी केलं होतं त्यापेक्षा मागे, आणि जरा तिरपं.

"पाय वाकडा पडे माहा," ते म्हणाले.

मग मी शेपटीखाली काजळीची पूड पुन्हा लावली आणि क्लिअर कोट मारला. दोन हात. वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी लागली, त्यामुळे पाहुण्यांनी विमान काचेविना पाहिलं. भाषणात अध्यक्ष म्हणाले की आम्ही हे मुद्दाम खऱ्यासारखं करून घेतलं. आडेकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि फेटा सारखा केला.

संस्थेच्या नव्या कॉलेजच्या मॉडेलचं काम नागपूरच्या कुणाला तरी गेलं. जिल्ह्यात मला काम अजून मिळतं. पुढे कधीतरी बाबू बाजारात भेटले. संकोचून म्हणाले, सायबाच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा ओला कपडा मारून पाहिला होता, पण ते पायाचं काही निघालं नाही.

निघणार नाही. आता मी कोट मारल्याशिवाय कुठलंच मॉडेल दुकानाबाहेर काढत नाही. चमक कुणीही आणू शकतो. मळ मात्र पक्का करूनच द्यावा लागतो.