सकाळी आपलं, दुपारी शत्रूचं विमान

किस्से साठतात कसे, सांगू? ऐकायला घरात कोणी नसलं की साठतात! सुधा, माझी बायको, गेल्यापासून बेळगावच्या घरात मी एकटाच. मुलगा कॅनडात. हवाई दलातून निवृत्त झालो, मग फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवलं, तेही संपलं. अशात एका युद्धपटवाल्यांचा फोन आला, "सर, जुनं पंख्याचं विमान उडवणारा माणूस हवाय." मी पुढचं काही न विचारता हो म्हणालो. विमानापेक्षा माणसांत बसायला मिळेल, याचा आनंद जास्त होता. निपाणीजवळ आप्पा पाटलांच्या माळावर धावपट्टी केली होती. गेलो, तर काय? अख्खं युनिट खाली आणि मी एकटा वर!

*

विमान एकच आणि लढाई दोन विमानांची. उपाय सोपा. सकाळी विमानावर आपली खूण. जेवणाच्या सुट्टीत रंगारी ती पुसून शत्रूची काढायचे, की दुपारी मी शत्रू! गावातली पोरं सकाळी मला कडक सॅल्यूट ठोकायची आणि दुपारी ढेकळं मारायची. एका म्हातारीनं तर मला वाटेत अडवलं.

"काय रं बाबा, सकाळी आमच्यात हुतास न्हवं?"

डायरेक्टर रेडिओवर ओरडायचा, "सर, जरा घाबरून उडवा! मागे शत्रू लागलाय!"

"अरे, मागचा शत्रूही मीच," मी म्हणालो. "मी मला काय घाबरू?"

*

शेजारच्या रानात तंबाखू वाळत पडला होता. इकडे हिरो शहीद होण्याचा सीन. विमान जमिनीवरच, पंखा चालू, हिरो मातीत पडलेला. त्यानं आईला हाक मारून मान टाकली. युनिटमधल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. डायरेक्टरनं खूण केली म्हणून मी इंजिन जरा वाढवलं, आणि तंबाखूचा सगळा चुरा उडून सीनवर आला.

शहीद शिंकला!

त्याच्यामागोमाग कॅमेरामन, डायरेक्टर, मेकअपवाले, सगळे. आप्पा बांधावरून ओरडले, "बगा सायेब, मेलेलं मानूस उठलं! निपाणीचा माल हाय!"

सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोळे पुसत हसत होते. मी काच लावून कॉकपिटमध्ये बसलेलो. मला साधी शिंकसुद्धा आली नाही.

*

मागच्या सीटवर गनर दिसायला हवा होता. खरा माणूस बसवायला परवानगी नव्हती. मग निपाणीच्या एका कापडदुकानातला पुतळा आणला, त्याला मिशा काढल्या, हेल्मेट घातलं आणि पट्ट्यांनी आवळून बसवला. दोन-तीन दिवसांत मी त्याच्याशी बोलायला लागलो. आज भाजी खारट झाली, सुधा असती तर अमुक म्हणाली असती, असं काहीबाही. एकदा तर त्याला पेन्शनच्या ऑफिसातलं सगळं भांडण सांगितलं.

उतरल्यावर कळलं, रेडिओचं बटण अडकलं होतं. सगळं खाली ऐकू जात होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेळगावजवळच्या मच्छे गावचा आमचा मेकॅनिक परशराम बटण दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, मधीच गप का झालासा? पेन्शनवाला पुढं काय म्हनाला?"

*

रविवारी मुलाचा फोन आला. शूटिंग बघायला आलेल्या कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फिरत फिरत कॅनडापर्यंत पोचला होता.

"बाबा, निपाणीजवळ कोणीतरी जुनं विमान उडवतंय, बघितलं का? काय उडवतो माणूस! झाडांच्या शेंड्यांवरून!"

"बघितलं."

"पायलट कोण आहे?"

त्याला मी कळवलं नव्हतं. उगाच ओरडला असता. म्हटलं, "आहे कोणी म्हातारा."

"म्हातारा? मग त्याच्या घरचे त्याला उडवू कसे देतात?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

*

आता शेवटचा दिवस. आदल्या दिवशी आप्पांनी आमंत्रण दिलं होतं. "सायेब, उद्या संध्याकाळी जेवायला घरलाच यायचं. पर दिस मावळायच्या आत या. आमी जैन. दिस मावळला की आमच्यात घास न्हाय, पानी न्हाय."

मी हो म्हटलं. कोणाच्या घरी ताटावर बसून बरेच दिवस झाले होते.

आणि डायरेक्टरला शेवटचा शॉट हवा होता मावळत्या सूर्यासमोर काळ्या दिसणाऱ्या विमानाचा! "सर, अजून एकदा. सर, जरा खालून. सर, शेवटचं." चाकं माळाला टेकली तेव्हा सूर्य बुडून गेला होता. युनिट सामान आवरून पार्टीसाठी कोल्हापूरला निघालं. मला वाटलं, आप्पांकडचं आवरलं असेल. हायवेवर एखाद्या ढाब्यावर काहीतरी खाऊ आणि बेळगावची वाट धरू.

पण निदान सांगून जावं म्हणून घराकडे गेलो. आप्पा अंगणात उभे होते. आत तीन ताटं वाढलेली. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. एकालाही हात लागलेला नव्हता. आप्पांच्या बायकोनं, आक्कांनी, त्यातलं एक माझ्यापुढं सरकवलं आणि बाकीची दोन आत नेली.

"आप्पा, हे काय? तुम्ही जेवला नाहीत?"

"आमचं आता उद्या, दिस वर आल्यावर."

"अहो, मला उशीर झाला. तुम्ही वेळेत जेवून घ्यायचं होतं!"

"इमान वर हुतं न्हवं," आप्पा म्हणाले. "तुमी एकटं वर, आनि आमी खाली बसून जेवायचं व्हय?"